१२ डिसेंबर १९०१: मार्कोनीला खरंच काही ऐकू आलं होतं का?

तारेवरची_कसरत (धागाकर्ता)

शाळेच्या पुस्तकात ही गोष्ट एका ओळीत उरकतात: मार्कोनीने १९०१ साली अटलांटिकपार बिनतारी संकेत पाठवला. अँटेना आणि रेडिओलहरींच्या सुरुवातीच्या संशोधनावर सध्या हाताला लागेल ते वाचतोय आणि याच ओळीपाशी अडकून पडलोय. खोलात जावं तितकी ती डळमळते.

आधी हकीकत. इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये पोल्डूला, ठिणगीवर चालणारा प्रक्षेपक. तिथून रोज ठरलेल्या तासांत मोर्समधला ‘एस’, म्हणजे तीन टिंबं, परत परत सोडायची. पलीकडे न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स गावी सिग्नल हिल नावाच्या टेकडीवर मार्कोनी, सोबत केम्प आणि पॅजेट हे दोन मदतनीस. मधे जवळजवळ ३,४०० किमी पाणी. अँटेना म्हणजे पतंगाला बांधून चढवलेली साधारण १५० मीटर तार. दुपारी साडेबाराच्या सुमारास मार्कोनीने कानाचा रिसीव्हर केम्पच्या हाती दिला, त्यालाही टिंबं ऐकू आली म्हणतात. दुपारी अजून दोनदा आली. संपलं.

आता खटकणारी बाब. कागदी पट्टीवर टिंबं उमटवणारं यंत्र तेव्हा होतं, पण त्या दिवशी पट्टीवर काहीच नाही, पुरावा फक्त दोन माणसांच्या कानांचा. दोघांनाही काय ऐकू यायचंय ते आधीच माहीत. वेळ भरदुपारची. आणि लहरी पृथ्वीच्या गोलाईवरून वळून पलीकडे कशा पोचल्या याचं उत्तर त्या दिवशी जगात कुणाकडेही नव्हतं.

तर जाणकारांना विचारतो: ऐकलं, की ऐकल्याचा भास झाला?

सातारी_कंदी

डिसेंबरात पतंग? गड्याने संक्रांत महिनाभर आधीच उरकली की.

(बाकी धागा उत्तम. खुर्ची ओढून बसलोय.)

भूमितीमास्तर

प्रश्न रास्त आहे. तेव्हाच्या लोकांना तो किती अवघड वाटला असेल याचा अंदाज यावा म्हणून थोडं गणित.

पोल्डू ते सेंट जॉन्स सरळ रेषा काढली तर ती समुद्राखालून जाते. मध्यावर पाण्याचा फुगवटा त्या रेषेच्या वर किती? पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी आणि अंतर ३,४०० किमी धरा, उत्तर येतं सुमारे २२५ किमी. त्यापुढे १५० मीटरचा पतंग म्हणजे काहीच नाही.

आता मागे जाऊ. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ हर्ट्झने १८८६ ते १८८९ या काळात कार्ल्सरूहला प्रयोग केले ते मॅक्सवेलचा विद्युतचुंबकीय लहरींबद्दलचा १८६५ सालचा सिद्धांत तपासण्यासाठी. मधोमध ठिणगीची फट असलेली सरळ तार हा त्याचा प्रक्षेपक आणि बारीक फट ठेवलेलं तारेचं कडं हा ग्राहक. आज ज्याला आपण डायपोल आणि लूप म्हणतो त्या दोन्ही अँटेना एकाच खोलीत जन्मल्या. पुढे ६६ सेंटिमीटरच्या लहरी काढून त्याने जस्ताच्या पत्र्याच्या अन्वस्ताकार आरशांनी त्यांचा झोत केला, आणि दीड मीटर उंच, सुमारे ६०० किलोच्या डांबरी प्रिझममधून तो वाकवूनही दाखवला. सगळ्या खटाटोपाचा निष्कर्ष काय, तर या लहरी प्रकाशासारख्याच वागतात. आणि प्रकाश क्षितिजापलीकडे दिसत नाही! म्हणजे ज्या प्रयोगाने रेडिओलहरी हाती आल्या त्याच प्रयोगाने अटलांटिकची आशा संपवली होती.

थोडं वळण विवर्तनामुळे, म्हणजे अडथळ्याच्या कडेशी लहर जी वाकते त्यामुळे, मिळतं हे ठाऊक होतं. पण किती? लॉर्ड रॅलेने १९०३ साली म्हटलं की इतकं वळण अपेक्षेबाहेरचं आहे. त्यानंतर पाँकारे, मॅकडोनाल्ड, निकल्सन अशा नावाजलेल्या गणितज्ञांनी गोलावरच्या विवर्तनाशी पंधराएक वर्षं झुंज घेतली. शेवटी १९१८-१९ मध्ये वॉटसनने हिशोब पुरा केला: नुसत्या विवर्तनाने हे होणे नाही.

वाकडेबोट

गणितज्ञ पंधरा वर्षं झुंजले आणि मार्कोनीला एका दुपारी ऐकू आलं. कंपनीचा पैसा अडकला की कान फार तीक्ष्ण होतात.

हॅमखास

वाकडेबोट, टोमणा मान्य, पण हा माणूस निव्वळ धंदेवाईक नव्हता. बोलोन्याजवळच्या घरी १८९५ मध्ये त्याने तारेचं एक टोक उंच नेलं आणि दुसरं जमिनीत गाडलं. हर्ट्झची मोकळी तार आणि ही जमिनीत रोवलेली उभी तार, यातला फरक मोठा आहे. उभी तार लांब लहरी काढते, आणि त्या जमिनीला, त्यातून खाऱ्या पाण्याला, धरून चालतात. पुढे त्याने अनुभवातून आडाखा बांधला की पल्ला तारेच्या उंचीच्या वर्गाने वाढतो. उंची दुप्पट, पल्ला चौपट. का, ते त्याला सांगता आलं नसतं. पण याच आडाख्यावर त्याने १८९९ मध्ये इंग्लिश खाडी ओलांडली आणि मग अटलांटिकवर डोळा ठेवला.

आता मूळ प्रश्न. मी हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, आहे, मध्यम लहरींवर बरंच कान लावून बसलोय, त्यामुळे माझा अडसर एकच: भरदुपार. पोल्डूची तरंगलांबी नंतर सुमारे ३६६ मीटर सांगितली गेली. म्हणजे ८२० किलोहर्ट्झ, ऐन मध्यम लहर. या पट्ट्यावर दिवसा ३,४०० किमी? ६० ते ९० किमी उंचीवर सूर्यप्रकाशाने तयार होणारा एक थर असतो, त्याला ‘डी’ म्हणतात. तिथली हवा तशी दाट, त्यामुळे लहरींनी हलवलेले इलेक्ट्रॉन रेणूंवर आपटत राहतात आणि लहरींची ऊर्जा उष्णतेत जिरते. सूर्य मावळला की थर विरतो आणि लहरी वरच्या थरांपर्यंत जाऊन परततात. दिवसा त्या वर पोचतच नाहीत.

आणि याचा पुरावा खुद्द मार्कोनीनेच दिलाय! फेब्रुवारी १९०२ मध्ये ‘फिलाडेल्फिया’ जहाजाने अमेरिकेला जाताना त्याने पोल्डूचे संकेत नोंदवले. या वेळी पट्टीवर, कॅप्टनच्या सहीनिशी. दिवसा ७०० मैलांपुढे काही नाही. रात्री टिंबं २,०९९ मैलांपर्यंत, म्हणजे जवळपास न्यूफाउंडलंडइतक्याच अंतरावर. तेच पोल्डू, दोन महिन्यांचा फरक. मग डिसेंबरच्या दुपारी तिप्पट पल्ला कुठून आला?

तारेवरची_कसरत

हॅमखास, ‘फिलाडेल्फिया’चा मुद्दा भारी आहे. पण त्यालाही दुसरी बाजू आहे.

जहाजावरचा ग्राहक सुरावट जुळवलेला, एकाच तरंगलांबीला कान देणारा, आणि पट्टीवर खूण उमटायला संकेत चांगला दणकट लागतो. सिग्नल हिलवर उलटं. पतंग वाऱ्यात वरखाली होत होता, तारेची धारकता सतत बदलत होती, म्हणून मार्कोनीने सुरावट सोडून दिली आणि साधा, बिनजुळवणीचा ग्राहक लावला. जोडीला ‘इटालियन नौदलाचा’ म्हटला जाणारा पाऱ्याचा कोहिरर (लहर आल्याची चाहूल देणारी नळी) आणि टेलिफोनचा रिसीव्हर. माणसाचा कान पट्टीपेक्षा कितीतरी क्षीण आवाज टिपतो.

आणि ठिणगी काही एकाच तरंगलांबीवर बोलत नाही. तिच्यातून आखूड लहरीही सांडत असणार. त्या दिवसासुद्धा वरच्या थरावरून परततात. त्यात महिना डिसेंबरचा आणि सौरडागांचा नीचांक, म्हणजे ‘डी’ थरही त्यातल्या त्यात कमजोर. तेव्हा मार्कोनीने ऐकलं असेल, पण जे पाठवलं असं त्याला वाटत होतं ते नव्हे, तर अपघाताने निघालेलं काहीतरी. काही अभ्यासकांनी हे मांडलंय.

वाकडेबोट

म्हणजे बाण मारला एकीकडे, लागला भलतीकडे, आणि बक्षीस नेमबाजीचं.

बोसप्रेमी

सगळी चर्चा कॉर्नवॉल आणि बोलोन्याभोवती चाललीय म्हणून आठवण करून देतो. त्याच १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये जगदीशचंद्र बोसांनी भिंतींच्या पलीकडे लहरी पाठवून घंटा वाजवून दाखवली आणि बंदुकीची दारू उडवून दाखवली. ५ मिलिमीटरपासून अडीच सेंटिमीटरपर्यंतच्या लहरी! तेव्हा जगात फारशा कुणाकडे नव्हत्या. त्यांचं नळकांडं, लहरी गोळा करणारा नरसाळ्याच्या तोंडाचा भाग, म्हणजे आजचा हॉर्न अँटेना. जानेवारी १८९७ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांचं व्याख्यान झालं. आणि सिग्नल हिलवरच्या त्या पाऱ्याच्या कोहिररबद्दल बोलायचं तर लोखंड, पारा आणि टेलिफोन अशी जुळणी बोसांनी १८९९ मध्येच रॉयल सोसायटीपुढे मांडली होती. ‘इटालियन नौदल’ कुठून आलं हो मधेच?

हॅमखास

@बोसप्रेमी, बोसांबद्दल दुमत नाही. पण दोघांची शर्यत लावू नये असं मला वाटतं, कारण ते वेगवेगळ्या मैदानांत होते. बोसांना लहरींचं प्रकाशशास्त्र करायचं होतं: परावर्तन, वक्रीभवन, ध्रुवीकरण, तेही टेबलावर मावेल अशा उपकरणांत. त्यासाठी लहर जितकी आखूड तितकी बरी. मिलिमीटर लहरी मात्र क्षितिजापार जात नाहीत, वरच्या थरांना भेदून सरळ अवकाशात निघून जातात. त्या लहरींवर बोसांना अटलांटिक ओलांडता आला नसता. त्यांना ओलांडायचाही नव्हता. पेटंटची त्यांना मुळात नावड. गॅलीना स्फटिकाने लहरी ओळखणाऱ्या साधनाचं १९०४ चं अमेरिकी पेटंट मिळालं ते इतरांच्या आग्रहामुळे.

कोहिररची तक्रार रास्त आहे. त्याचं श्रेय नेमकं कुणाला, यावर खुद्द इटलीतसुद्धा त्याच वेळी भांडण झालं होतं.

बोसप्रेमी

शर्यत मी नाही लावली, पाठ्यपुस्तकवाल्यांनी लावली आणि एकाला धावपट्टीवर येऊच दिलं नाही. असो. ‘वेगळी मैदानं’ हे पटलं.

स्वरा_७

मी विज्ञानातली नाही, पण वाचतेय. आजोळी कोकणात रात्री जेवणं झाली की मध्यम लहरींवर कुठकुठली तमिळ, सिंहली, अरबी स्टेशनं लागायची, आणि सकाळी त्याच जागी नुसती खरखर. आजोबा म्हणायचे समुद्रावरून वारा आणतो. हेच का ते ‘डी’ थराचं प्रकरण?

भूमितीमास्तर

अगदी तेच, स्वराताई. आणि वाऱ्याचं कारण देणारे आजोबा एकटे नव्हते. मार्कोनीने ‘फिलाडेल्फिया’वर दिवस-रात्रीचा फरक पाहिल्यावर कारण दिलं की सूर्यप्रकाशामुळे प्रक्षेपक अँटेनावरची विद्युत गळून जात असावी. साफ चूक. पण आकाशात काही आहे हे तोवर कुणी पाहिलेलंच नव्हतं.

कल्पना मात्र लगेच आली. १९०२ मध्येच हार्वर्डच्या केनेलीने आणि इंग्लंडात ऑलिव्हर हेविसाइडने, एकमेकांच्या नकळत, सुचवलं की वरच्या विरळ हवेत विद्युतवाहक थर असावा आणि लहरी तो थर आणि समुद्र यांच्या मधून जात असाव्यात. केनेलीने उंचीही सांगितली, सुमारे ८० किमी. त्याही आधी, १८८२ मध्ये, बालफोर स्ट्यूअर्टने पृथ्वीच्या चुंबकत्वातले रोजचे चढउतार समजावण्यासाठी असा थर मांडला होता, पण त्याचा रेडिओशी संबंध कोण जोडणार!

कुलाबा_कॉजवे

माहितीसाठी: हे आर्थर केनेली जन्माने आमचे. १७ डिसेंबर १८६१, कुलाबा, मुंबई. पुढे एडिसनच्या प्रयोगशाळेत आणि मग हार्वर्डला.

सातारी_कंदी

झालं. आता कुलाब्यात ‘केनेली वडापाव’ निघणार.

तारेवरची_कसरत

केनेलींचं हे माहीत नव्हतं, कॉजवेसाहेब, दंडवत!

मास्तर, पण ‘असावा’ आणि ‘आहे’ यात २० वर्षं गेली ना? थर आहे हे ठरलं कसं? आकाशात कुणी चढलं नाही.

भूमितीमास्तर

तोच माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत देखणा प्रयोग. ११ डिसेंबर १९२४, म्हणजे मार्कोनीच्या पतंगाला २३ वर्षं व्हायला एक दिवस कमी. एडवर्ड अ‍ॅपलटन आणि त्याचा न्यूझीलंडचा विद्यार्थी बार्नेट ऑक्सफर्डला ग्राहक लावून बसले. बीबीसीचं बोर्नमथचं केंद्र रात्रीचे कार्यक्रम संपल्यावर त्यांच्या दिमतीला. मागणी एवढीच की प्रक्षेपणाची तरंगलांबी हळूहळू, ठरलेल्या मर्यादेत बदलत न्यायची.

का? ऑक्सफर्डला दोन वाटांनी लहर येते, एक जमिनीलगत थेट आणि दुसरी आकाशात थर असेल तर वर जाऊन परतलेली. दुसरी वाट लांब. दोन्ही लहरी एकमेकींत मिसळतात: शिखरावर शिखर पडलं तर संकेत वाढतो, शिखरावर दरी पडली तर मरतो. तरंगलांबी बदलत नेली की लांब वाटेत मावणाऱ्या लहरींची संख्या बदलते, म्हणून संकेत वाढतो-मरतो-वाढतो. असे किती फेरे झाले ते मोजा, तरंगलांबी किती बदलली ते माहीत आहे, मग दोन वाटांतला फरक निघतो, आणि त्यावरून थराची उंची. उत्तर आलं सुमारे ९० किमी. आकाश मोजलं ते जमिनीवर बसून, आणि तेही गाण्यांसाठी बांधलेल्या केंद्राने!

पुढच्या वर्षी अमेरिकेत ब्रीट आणि टूव्ह यांनी वेगळी युक्ती केली. सलग लहर न सोडता तुकडे सोडले आणि प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागतो ते मोजलं. रडारची मूळ कल्पना हीच. अ‍ॅपलटनला त्याहून वर दुसरा थर सापडला, तो ‘एफ’. लांब पल्ल्याच्या आखूड लहरींचा खरा आधार तो. १९४७ चं नोबेल त्याचंच. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठात शिशिरकुमार मित्रांनी १९३० च्या सुमारास याच मोजणीला हात घातला आणि तिथे आयनांबराच्या, म्हणजे याच विद्युतवाहक थरांच्या, संशोधनाची परंपरा उभी राहिली.

हॅमखास

आमच्या जमातीचा उल्लेख करतो, कारण प्राध्यापक मंडळी तो हमखास गाळतात. अमेरिकेच्या १९१२ च्या कायद्याने हौशी लोकांना २०० मीटर आणि त्याखालच्या तरंगलांब्या दिल्या. औदार्य नव्हे ते. ‘लांब पल्ल्याला लांब लहर’ हा तेव्हाचा पक्का समज, त्यामुळे २०० मीटरखालचा पट्टा रद्दी मानला जायचा. पोरांना रद्दीत खेळू द्या, असा हिशोब.

डिसेंबर १९२१ मध्ये पॉल गॉडली नावाचा अमेरिकी हॅम स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसनला समुद्रकिनाऱ्यावरच्या गारठ्यात तंबू ठोकून बसला आणि त्याने कनेक्टिकटच्या हौशी केंद्राचे संकेत पकडले. जमिनीलगत आडवी पसरलेली लांबच लांब तार, म्हणजे तेव्हा नुकतीच निघालेली बेव्हरिज अँटेना, त्याच्या कामी आली. नोव्हेंबर १९२३ मध्ये फ्रान्सचा देल्वा आणि अमेरिकेचा श्नेल ११० मीटरच्या आसपास चक्क दुतर्फा बोलले. रद्दीत हिरे निघाल्यावर मोठ्या कंपन्यांनी पट्टा परत मागायला सुरुवात केली, ते वेगळं सांगायला नको.

वाकडेबोट

गावठाणाबाहेरची पडीक जमीन, बायपास जाहीर झाल्यावर. समजलं.

खडकीचा_दगड

आता मला बोलायलाच हवं.

हॅमखास म्हणतात तो आखूड लहरींचा शोध थेट पुणे जिल्ह्यात येऊन पोचला. मार्कोनी कंपनीच्या फ्रँकलिनने १९२३ मध्ये पोल्डूहून (तेच पोल्डू!) ९७ मीटरवर झोत सोडला आणि मार्कोनी ‘इलेट्रा’ नौकेवरून केप व्हर्देपर्यंत तो ऐकत गेला. १९२४ मध्ये ३२ मीटरवर बैरुतला दिवसासुद्धा संकेत पोचले. तोवर ब्रिटिश सरकारच्या डोक्यात साम्राज्यभर प्रचंड लांब लहरींची, अवाढव्य केंद्रं बांधायची होती. ते सगळं गुंडाळलं आणि ‘बीम’, म्हणजे एका दिशेला झोत सोडायची, पद्धत आली.

हिंदुस्थानची बीम केंद्रं १९२७ मध्ये सुरू झाली. प्रक्षेपण खडकीहून, ग्रहण दौंडला. इंग्लंडच्या बाजूला प्रक्षेपण ग्रिम्सबीजवळ टेटनीला, ग्रहण स्केगनेसजवळ विंथॉर्पला. पाठवायचं एकीकडे आणि ऐकायचं दुसरीकडे का? कारण दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहतूक चालवायची होती, आणि आपलाच प्रक्षेपक शेजारी गरजत असेल तर हजारो किलोमीटरवरून आलेला क्षीण संकेत ऐकणार कसा.

अँटेनाच्या दृष्टीने खरी गंमत इथे आहे. एक उभी तार सगळीकडे सारखी बोलते. उंच मनोऱ्यांवर उभ्या तारांची अख्खी ओळ टांगा, सगळ्यांना एकाच वेळी, एकाच तालात वीज द्या. ओळीच्या समोर सगळ्या लहरी एकमेकींत भर घालतात, बाजूला एकमेकींना खातात. मागे तारांचा दुसरा पडदा लावला की पाठीमागे जाणारी ऊर्जाही पुढे वळते. जी वीज चारी दिशांना वाया जायची ती एका अरुंद पट्ट्यात, थेट इंग्लंडकडे. म्हणून कितीतरी कमी विजेत काम भागलं. समुद्राखालच्या तारांचा धंदा इतका बसला की १९२९ मध्ये इंग्लंडात केबल आणि बिनतारी कंपन्यांचं एकत्रीकरण करावं लागलं. १९३३ पासून हिंदुस्थान-इंग्लंड रेडिओ टेलिफोनही सुरू झाला.

मार्कोनीने १९०१ मध्ये ऐकलं की नाही माहीत नाही, पण २६ वर्षांनी खडकीहून पाठवलेलं इंग्लंडात नक्की ऐकू येत होतं.

जंक्शनचा_भाऊ

दौंडचं नाव विज्ञानाच्या धाग्यात वाचून डोळे भरून आले. आम्हाला वाटायचं दौंडात फक्त इंजिन बदलतात.

सातारी_कंदी

दौंडला ग्रहण लागलं होतं हे मात्र आम्हाला आधीपासून ठाऊक होतं. ह. घ्या.

नारायणगावकर

अँटेनाचं चाललंय तर यागीबद्दल कुणी बोललं कसं नाही? गच्चीवर दूरदर्शनसाठी जी माशाच्या सांगाड्यासारखी अँटेना असायची ती. पुण्याकडच्या लोकांनी तोंड सिंहगडाकडे करून लावायची, कारण प्रक्षेपण तिथून.

ती १९२६ सालची, जपानच्या सेंदाईतल्या तोहोकू विद्यापीठातली. गंमत म्हणजे वीज फक्त एकाच दांड्याला. मागचा जरा लांब दांडा परावर्तक, पुढचे जरा आखूड ते दिग्दर्शक. ते कुठेही जोडलेले नसतात. लहर त्यांच्यावर पडते, त्यांच्यात प्रवाह उठतो, त्यातून ते पुन्हा लहर सोडतात, आणि लांबी-अंतर नेमकं असेल तर सगळ्यांची बेरीज पुढच्या दिशेला होते. दगडसाहेबांच्या मनोऱ्यांचं काम चारपाच ॲल्युमिनियमच्या दांड्यांत.

खरं काम बहुतांशी शिंतारो उदा यांचं. प्राध्यापक हिदेत्सुगु यागी यांनी १९२८ मध्ये इंग्रजीत निबंध लिहिला आणि जगाने एकच नाव उचललं. ‘यागी-उदा’ म्हणायला हवं.

बोसप्रेमी

+१. श्रेय चुकवण्याची परंपरा जुनीच.

एडिसनच्या_काकू

न्यू जर्सीतून हजेरी. नारायणगावकर, तुमच्या गावाजवळच्या दुर्बिणीची आजी आमच्याकडे होमडेलला! बेल लॅबोरेटरीजने कार्ल जान्स्कीला काम दिलं होतं की अटलांटिकपार आखूड लहरींच्या टेलिफोनमध्ये खरखर कुठून येते ते शोध. त्याने सुमारे ३० मीटर लांबीची अँटेना फोर्ड मॉडेल टीच्या चाकांवर बसवली. ती वीस मिनिटांत एक गोल फेरी मारायची. तरंगलांबी १४.६ मीटर.

जवळची वादळं सापडली, लांबची वादळं सापडली, आणि एक बारीक हिस्स् आवाज उरला. तो रोज चार मिनिटं आधी यायचा. २४ तासांनी नव्हे, २३ तास ५६ मिनिटांनी. म्हणजे सूर्याच्या घड्याळाने नव्हे, ताऱ्यांच्या. १९३३ मध्ये त्याने जाहीर केलं की आवाज आकाशगंगेच्या मध्याकडून येतोय. तिथे आता त्याच्या अँटेनाचं शिल्प आहे, आम्ही पाहुण्यांना दाखवायला नेतो आणि पाहुणे विचारतात मॉल किती लांब आहे.

नारायणगावकर

काकू, कडक! खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण म्हणजे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, २५ किमी परिसरात पसरलेल्या. तबकड्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या, कारण मीटरभर लांबीच्या लहरीला जाळीची भोकं दिसतच नाहीत. ती उभारणाऱ्या गोविंद स्वरूपांची ही काटकसर: वजन कमी, वारा आरपार, खर्च आवाक्यात. हर्ट्झचा जस्ताचा आरसाच, फक्त विरळ विणलेला.

तारेवरची_कसरत

धागा पार आकाशगंगेत गेला, तक्रार नाही. पण मूळ प्रश्नावर कौल द्या की.

सगळं वाचून माझा कल असा होतोय: ऐकलं असण्याची शक्यता आहे, सिद्ध मात्र झालेलं नाही. आणि त्या दुपारपेक्षा ‘फिलाडेल्फिया’चा प्रवास कितीतरी मोलाचा. पट्टीवर नोंद, साक्षीदार, आणि दिवस-रात्रीचा फरक, ज्यातून पुढची वीस वर्षं संशोधनाला काम मिळालं. पाठ्यपुस्तकात ओळ हवी तर फेब्रुवारी १९०२ ची हवी.

वाकडेबोट

मी ‘भास’ला मत देतो. वादळी हवेत विजांची टकटक मध्यम लहरींवर भरपूर असते, आणि तीन टकटकींची वाट पाहणाऱ्याला तीन टकटकी मिळतात. शिवाय मूळ अँटेनाची दुर्दशा कुणी सांगितली नाही: पोल्डूला २०० फुटी २० खांबांचं वर्तुळ सप्टेंबरात वादळात कोसळलं, अमेरिकेच्या बाजूचं केप कॉडचंही नोव्हेंबरात. घाईघाईने दोन खांबांमधे तारांचा पंखा लावला आणि केप कॉडऐवजी जवळचं न्यूफाउंडलंड गाठलं. इतकं सगळं झाल्यावर ‘काही ऐकू आलं नाही’ असं म्हणत बोटीत बसायला फार मोठं मन लागतं.

भूमितीमास्तर

वाकडेबोट, पण एक गोष्ट तुमच्या विरोधात जाते. समुद्री तारांच्या कंपनीने, जिच्याकडे न्यूफाउंडलंडचा मक्ता होता, मार्कोनीला काही दिवसांतच कायदेशीर नोटीस देऊन प्रयोग थांबवायला लावले. भास म्हणून हसण्यावारी नेलं नाही त्यांनी.

वाकडेबोट

मास्तर, नोटीस द्यायला ऐकू यावं लागत नाही, शेअर पडावे लागतात.

हॅमखास

दोघंही आपापल्या जागी बरोबर. पण हा वाद सुटणार नाही याचं तांत्रिक कारण सांगतो. आज कुणी पोल्डूची हुबेहूब प्रतिकृती बांधली तरी १९०१ ची ठिणगी कोणकोणत्या तरंगलांबीवर किती जोराने निघाली हे कळणार नाही, कारण तेव्हा कुणी मोजलंच नव्हतं. ३६६ मीटर हा आकडा नंतरचा आहे. तरंगलांबी मोजायचं फ्लेमिंगचं हातातलं उपकरण त्यानंतर दोन-चार वर्षांनी आलं. आपण आखूड लहरी होत्या म्हणतो तीही अटकळ, नव्हत्या म्हणतो तीही अटकळ. माझं मत तरीही ‘कदाचित’.

स्वरा_७

हे सगळं वाचून जुना ट्रांझिस्टर काढला. फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीला लोखंडी जाळी. रात्री दहानंतरही मध्यम लहरींवर खरखरच जास्त. काय करू?

हॅमखास

स्वराताई, आधी घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि वायफायचा अ‍ॅडॅप्टर बंद करून बघा, निम्मी खरखर त्यांची असते. जाळीपासून लांब, लाकडी खिडकीशी बसा. लोखंडाने हर्ट्झलासुद्धा छळलं होतं: त्याच्या हॉलमधल्या परावर्तनांमुळे लहरींच्या वेगाचं मोजमाप बिघडलं, ते पुढे जिनिव्हात मोठ्या हॉलमध्ये दुसऱ्यांनी दुरुस्त केलं. मध्यम लहरींसाठी ट्रांझिस्टरच्या आत फेराइटच्या कांडीवर गुंडाळी असते, तीच अँटेना. बाहेरची दांडी ओढून उपयोग नाही, अख्खा रेडिओ सावकाश गोल फिरवा. आखूड लहरींचा पट्टा असेल तर आठ-दहा मीटर साधी वायर दांडीला गुंडाळून खिडकीबाहेर सोडा, फक्त विजेच्या तारांपासून दूर. आणि वळवाच्या दिवसांत वापर झाला की ती आत ओढून घ्या.

स्वरा_७

चार्जर काढल्याबरोबर फरक पडला! एक स्टेशन लागलंय, भाषा कळत नाहीये. तेलुगू की कन्नड, ऐकून सांगते.